पायथ्याची ओल, सांडव्यातल्या फळ्या आणि न उघडणारा व्हॉल्व्ह

प्रश्न थोडक्यात असा आहे. काही कुटुंबांच्या सामायिक मालकीचा एक तलाव आहे, सुमारे दोन हेक्टरचा. पोहणे, होड्या आणि गळ टाकून मासे धरणे एवढ्याचसाठी तो वापरला जातो. त्याला अडवणारा मातीचा भराव ६ मीटर उंच आणि चाळीसेक वर्षांचा आहे. तळाचा लोखंडी पाइप जिथे बाहेर पडतो, त्याच्या शेजारी पायथ्याला गेली दोन-तीन वर्षे ओल दिसते, पण झिरपणारे पाणी स्वच्छ आहे, म्हणून काळजी नको असे शेजारी म्हणतात. खालच्या उतारावर मोठी झाडे आहेत. होड्या तळाला टेकू नयेत म्हणून सांडव्यात ३० सेंटीमीटर उंचीच्या फळ्या बसवल्या आहेत आणि मासे वाहून जाऊ नयेत म्हणून जाळीही लावली आहे. खाली, ओढ्याच्या काठाने किलोमीटरभर अंतरावर, चार घरे आहेत. प्रश्नकर्त्याने विचारले आहे: ओलीवर चिकणमाती टाकून ती दाबावी का, झाडे तोडावीत का, आणि हे धरण सुरक्षित आहे का? शेवटी जाता जाता एक वाक्य आले आहे, की तळाचा व्हॉल्व्ह कित्येक वर्षांत कुणी उघडलेला नाही.

अशी लहान मातीची धरणे तपासणे हे माझे रोजचे काम आहे. तुमचे पत्र वाचल्यावर मला सर्वांत जास्त काळजी वाटली ती त्या शेवटच्या वाक्याची. ओल महत्त्वाची आहे, झाडेही महत्त्वाची आहेत. पण ओल वाढली, पाणी गढूळ झाले किंवा उतार खचू लागला, तर पहिला उपाय एकच असतो: तलावातले पाणी खाली उतरवणे. तो उपाय आज तुमच्या हातात नाही. म्हणजे दोष कोणताही निघो, तो वाढत असताना काठावर उभे राहून बघण्यापलीकडे तुम्हाला काही करता येणार नाही. म्हणून मी तुमच्या प्रश्नांचा क्रम बदलतो. आधी पाणी उतरवण्याची सोय, मग सांडवा, त्यानंतर ओल आणि शेवटी झाडे.

धरण सुरक्षित आहे की नाही, याचे हो-नाही असे उत्तर दुरून देता येत नाही, आणि कुणी दिले तर त्यावर विश्वास ठेवू नका. भराव कोणत्या मातीचा आहे, मधे चिकणमातीचा गाभा आहे की सगळा एकाच मातीचा ढीग आहे, पाया खडकावर आहे की वाळूवर, बांधताना माती थराथराने दाबली होती की नुसती ओतली होती, या सगळ्यावर बरेच अवलंबून आहे. सहसा अशा धरणांचे नकाशे सापडत नाहीत. तरीही काही गोष्टी कुठल्याही मातीच्या धरणाला लागू पडतात, आणि तुम्ही दिलेली मापे त्यांच्यासाठी पुरेशी आहेत.

'लहान धरण' या शब्दांनी बरीच माणसे निश्चिंत होतात, म्हणून आधी पाण्याचा हिशोब करू. दोन हेक्टर तलाव आणि सरासरी अडीच मीटर खोली धरली, तर पाणी होते ५०,००० घनमीटर, म्हणजेच ५०,००० टन. ६ मीटर उंचीचा भराव फुटून एवढे पाणी सुटले, तर प्रत्यक्ष फुटलेल्या धरणांच्या नोंदींवरून बसवलेल्या सूत्रांनुसार पुराचा शिखर विसर्ग, म्हणजे पाणी सर्वांत जोरात वाहते तेव्हाचा प्रवाह, सेकंदाला शंभराहून जास्त घनमीटर येतो. जो ओढा एरवी सेकंदाला एखादा घनमीटर पाणी वाहून नेतो, त्याच्या काठावरची घरे किलोमीटरभर अंतरावर असतील तर तिथल्या माणसांना काही मिनिटेच मिळतात. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात टोकोआ येथे केली बार्न्स नावाचे खासगी धरण होते. सुमारे १२ मीटर उंच. पूर्वी वीजनिर्मितीसाठी वापरलेले, नंतर केवळ करमणुकीचा तलाव म्हणून उरलेले. ६ नोव्हेंबर १९७७ च्या मध्यरात्रीनंतर, मुसळधार पावसात ते फुटले आणि खालच्या महाविद्यालयाच्या आवारात झोपलेली ३९ माणसे गेली. चौकशीत एकच एक कारण ठरवता आले नाही. पण खालचा उतार फारच उभा होता, आणि त्याचा एक तुकडा काही वर्षांपूर्वी घसरलेला १९७३ च्या छायाचित्रात दिसत होता. धरणाने खूण दिली होती. ती वाचणे आणि त्यावर काही करणे हे ठरावीक कुणाचे काम नव्हते.

आता व्हॉल्व्हकडे वळतो. वर्षानुवर्षे न हललेला व्हॉल्व्ह उत्साहाने उघडू नका. लांब पान्याने, चार माणसांच्या जोराने तर नाहीच. गंजलेला दांडा तुटतो, मग व्हॉल्व्ह कायमचा बंद राहतो. किंवा तो उघडतो, फटीत फांदी किंवा दगड अडकतो आणि पुन्हा बंद होत नाही. पाइप आतून कुजलेला असेल तर अचानक दाबाने सुटलेले पाणी पाइपाच्या भोकांतून भोवतालच्या मातीत शिरते आणि ती धुऊन नेते. म्हणजे जे टाळायचे तेच घडते. व्हॉल्व्ह पाइपाच्या वरच्या टोकाला, तलावाच्या बाजूला आहे की खालच्या टोकाला, हे आधी शोधा. खालच्या टोकाला असेल तर भरावातून जाणारा अख्खा पाइप चाळीस वर्षे पाण्याच्या दाबाखाली आहे. मग तुमच्या ओलीचा आणि या पाइपाचा संबंध असण्याची शक्यता बरीच वाढते.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. व्हॉल्व्ह का अडकला ते बघायला कुणालाही बुडी मारून तळाशी पाठवू नका. कितीही पट्टीचा पोहणारा असला तरी. ४ मीटर खोलीवर ४० सेंटीमीटर व्यासाच्या तोंडावर पाण्याचा दाब सुमारे अर्धा टन भरतो. पलीकडे पाइप मोकळा असेल आणि माणसाचा हात, पाय किंवा पाठ त्या तोंडाशी आली, तर तो दाब त्याला तिथे चिकटवून ठेवतो. वरून दोरी ओढून तो सुटत नाही. प्रशिक्षित पाणबुडेही अशा जागी सगळे प्रवाह बंद आहेत याची खात्री झाल्याशिवाय जात नाहीत. याच कारणाने पोहण्याची जागा या तोंडापासून आणि सांडव्यापासून लांब असावी, आणि ती हद्द तरंगत्या दोरीने आखलेली असावी.

व्हॉल्व्ह दुरुस्त होईपर्यंतचा मार्ग म्हणजे सायफन, म्हणजे पाण्याने भरल्यावर पंपाशिवाय पाणी वर चढवून पलीकडे खाली सोडणारा पाइप. माथ्यावरून नेलेला पाइप, तलावातले तोंड जाळीच्या पिंजऱ्यात, दुसरे तोंड पायथ्यापासून बरेच पुढे दगडांवर, आणि दोन्ही टोकांना बंद करता येईल अशी सोय. पाणी माथ्यापर्यंत चढवण्याची उंची पाच-साडेपाच मीटरच्या आत राहिली तर सायफन व्यवस्थित चालतो, आणि तुमच्याकडे ती त्याहून बरीच कमी आहे. १५० मिलिमीटर व्यासाचा एक पाइप सेकंदाला ३० लिटर तरी सहज काढतो. दिवसाला ते सुमारे २,६०० घनमीटर होते, म्हणजे तुमच्या तलावाची पातळी रोज १३ सेंटीमीटर उतरते. अर्थात वरून येणारे पाणी त्यातून वजा करायचे. दोन पाइप टाकले तर वेग दुप्पट. पण त्याहून घाई करू नका. मातीच्या भरावात मुरलेले पाणी सावकाश बाहेर येते. समोरचा आधार झपाट्याने काढून घेतला तर आतल्या बाजूचा उतार भिजून जड झालेला असतानाच घसरतो. एरवी मी दिवसाला १५ ते ३० सेंटीमीटरची मर्यादा पाळायला सांगतो, आणि माती चिकण असेल तर त्यातली खालची. जीव धोक्यात असतील तेव्हा ही मर्यादा बाजूला ठेवावी लागते, पण तो निर्णय प्रसंग पाहून घ्यायचा असतो.

सांडव्यातल्या फळ्या आणि जाळी मात्र आजच काढा. यासाठी कुणा तज्ज्ञाची वाट बघायची गरज नाही. फक्त सांडव्यावरून पाणी वाहत नसताना काढा. तुमच्या मापांनुसार सांडवा ६ मीटर रुंद आहे आणि त्याच्या उंबऱ्यापासून भरावाचा माथा १ मीटर उंच आहे. पाणी माथ्याला टेकेपर्यंत असा सांडवा सेकंदाला साधारण १० घनमीटर पाणी सोडू शकतो. ३० सेंटीमीटरच्या फळ्या लावल्या की वर ७० सेंटीमीटरच उरतात, आणि विसर्ग येतो ६ घनमीटरवर. उंची तीस टक्के कमी झाली तरी क्षमता चाळीस टक्क्यांनी घटली. त्यावर जाळी. पुराच्या पाण्यात पाने, फांद्या, गवताचे झुपके येतातच. ते जाळीवर बसले की सहाचे दोन व्हायला तासभरही लागत नाही. मातीच्या धरणाच्या माथ्यावरून पाणी गेले की ते खालचा उतार खरवडते, कड मागे सरकत जाते आणि भगदाड पडते. मातीची जी धरणे फुटली त्यांतली साधारण निम्मी अशी, माथ्यावरून पाणी जाऊन फुटली आहेत.

याचे सर्वांत दुःखद उदाहरण करमणुकीच्या तलावाचेच आहे. अमेरिकेतल्याच पेनसिल्व्हेनिया राज्यातले साउथ फोर्क धरण मूळ कालव्याला पाणी पुरवण्यासाठी बांधलेले होते. पुढे ते मासेमारी आणि शिकारीच्या एका खासगी क्लबकडे आले. तळाचे लोखंडी पाइप आधीच्या मालकाने काढून विकले होते, ते पुन्हा बसवले गेले नाहीत. घोडागाड्यांसाठी माथा रुंद करताना त्याची उंची कमी केली गेली. मासे निसटू नयेत म्हणून सांडव्याला जाळ्या लावल्या गेल्या. ३१ मे १८८९ रोजी, मोठ्या पावसानंतर, पाणी माथ्यावरून गेले आणि सुमारे २२ किलोमीटर खालच्या जॉन्सटाउनपर्यंत २,२०९ माणसे मेली. पाणी उतरवण्याची सोय नाही, सांडव्याची क्षमता घटवलेली आणि तो जाळीने अडलेला: यातली प्रत्येक गोष्ट तुमच्या पत्रात आहे. तुम्हाला घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. त्या धरणात यातली प्रत्येक गोष्ट त्या-त्या वेळी सोयीची आणि निरुपद्रवी वाटत होती, म्हणून लिहितो. अलीकडचे उदाहरण अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या लेक डेलाय या तलावाचे. तोही रहिवाशांच्या संस्थेच्या मालकीचा करमणुकीचा तलाव. २४ जुलै २०१० रोजी पुरात तीन दरवाजांपैकी एक पूर्ण उघडलाच नाही, पाणी चढले आणि मातीचा भाग वाहून गेला.

होड्या टेकतात हा प्रश्न खरा आहे, पण त्याचे उत्तर पाणी चढवण्यात नाही. धक्क्याजवळचा गाळ काढा किंवा धक्काच खोल बाजूला न्या. गाळ काढताना भरावाच्या पायाजवळ मात्र खोदू नका. तिथला जुना गाळ पुष्कळदा पाझर रोखून धरत असतो.

सांडव्याचा विषय संपवण्याआधी माथ्याबद्दल एक. माथा डोळ्यांना सपाट दिसतो, पण चाळीस वर्षांत भराव बसतो, सहसा जिथे उंची जास्त तिथे जास्त, आणि जिथून पायवाट किंवा गाडी जाते तिथे आणखी. पाणी सरासरी पातळीवरून जात नाही, सर्वांत खोलगट जागेवरून जाते. लेव्हलिंगचे यंत्र लावून दर पाच मीटरवर माथ्याची उंची मोजून घ्या. एका दिवसाचे काम आहे. वरचा १ मीटर प्रत्यक्षात ७० सेंटीमीटर निघाला, तर सगळा हिशोब बदलतो.

आता ओल. मातीच्या प्रत्येक धरणातून थोडे पाणी झिरपतेच, झिरपणे हा दोष नाही. दोष तेव्हा, जेव्हा पाण्याबरोबर मातीचे कण निघू लागतात. पायथ्याकडून एक बारीक नळी तयार होते आणि ती आत-आत, तलावाच्या दिशेने वाढत जाते. बाहेरून फार काही दिसत नाही. ती तलावाला भिडली की मग उरतात ते थोडे तास. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातले टीटन धरण ९३ मीटर उंच, सरकारी आणि नवे कोरे होते, तुमच्याहून सर्वस्वी वेगळे. पण ५ जून १९७६ रोजी सकाळी गढूळ गळती दिसली आणि दुपारी बाराच्या आत ते फुटले. ही क्रिया सुरू झाली की किती झपाट्याने पुढे जाते, एवढ्यासाठी ते आठवायचे.

शेजाऱ्यांनी सांगितलेले 'पाणी स्वच्छ म्हणजे काळजी नाही' हे अर्धेच खरे आहे. आज, या क्षणी, माती जाताना दिसत नाही, एवढेच स्वच्छ पाण्यावरून कळते. कण थांबत-थांबत जातात: काही दिवस काहीच नाही, मग एखाद्या पावसानंतर तासभर गढूळ. तुम्ही नेमके त्या तासाला तिथे नसता. शिवाय तुमची ओल पाइपाच्या शेजारी आहे, आणि मला ती जागा आवडत नाही. पाइपाभोवतीची माती रोलरने दाबता येत नाही. पाइपाच्या पोटाखाली तर हाताने ठोकूनही ती नीट बसत नाही. त्यामुळे पाणी पाइपाच्या बाहेरच्या अंगाने वाट काढते. पूर्वी यावर पाइपाला काँक्रीटच्या कॉलरी, म्हणजे पाइपाभोवतीच्या रुंद कड्या, घालत. त्यांच्याभोवती माती दाबणे आणखी अवघड होते, हे अनुभवाने कळले. आता पाइपाभोवती निवडक वाळूचा गाळणी थर देतात. तो पाणी जाऊ देतो आणि माती अडवतो. तुमचे धरण चाळीस वर्षांपूर्वीचे, म्हणजे तिथे कॉलरी असतील किंवा काहीच नसेल.

म्हणून ओलीवर चिकणमाती टाकू नका. पाणी थांबणार नाही, त्याची बाहेर पडायची वाट फक्त बंद होईल. मग ते भरावात चढेल, उतार आतून भिजून कमकुवत होईल आणि पाणी दुसरीकडे, कदाचित वरच्या बाजूला, फुटेल. पायथ्याशी तत्त्व उलटे आहे: पाणी जाऊ द्यायचे, माती धरून ठेवायची. कायमचा उपाय म्हणजे योग्य आकाराच्या दाण्यांच्या वाळूचा थर, त्यावर बारीक खडी, त्यावर मोठी खडी आणि पाणी बाहेर नेणारा छिद्रांचा पाइप. वाळूचे दाणे किती जाड हवेत हे भरावाच्या मातीच्या चाळणी-चाचणीवरून ठरते. अंदाजाने आणलेली वाळू कधी फार जाड निघते आणि मातीला जाऊ देते, कधी फार बारीक निघते आणि पाणीच अडवते. या एका कामासाठी तरी भू-तांत्रिक अभियंता, म्हणजे माती आणि पाया यांचा जाणकार, हवाच.

तोपर्यंत तुम्ही मोजू शकता, आणि मोजाच. ओलीच्या खाली छोटा चर काढून पाणी एका नळीतून पडेल असे करा. चर उतारात खणू नका, पायथ्यापुढच्या सपाट जमिनीत काढा. १० लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात ते लिहा. त्याच वेळी तलावाची पातळी लिहा, त्यासाठी पाण्यात खुणा केलेली पट्टी उभी करा, आणि मागच्या दोन दिवसांत पाऊस झाला का तेही. तलाव भरला की पाझर थोडा वाढणार, उतरला की कमी होणार. हे ठीक. पातळी तीच असताना पाझर वाढत गेला तर ते ठीक नाही. पातळी तीच असताना तो अचानक कमी झाला तरीही ठीक नाही, कारण वाट कुठे तरी बुजली आहे आणि पाणी दुसरी शोधते आहे. दर वेळी काचेच्या बरणीत नमुना घ्या, तारीख लिहा आणि दिवसभर हलवू नका. तळाशी मातीचा पातळ थर बसला तर डोळ्यांना स्वच्छ दिसलेले ते पाणी स्वच्छ नव्हते. आणखी एक सोपी परीक्षा: भरावाच्या मातीचा छोटा खडा ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्याच्या ग्लासात अलगद सोडा. खडा नुसता ढासळला तर विशेष नाही. पण त्याच्याभोवती दुधाळ ढग पसरत गेला, तर ती माती पाण्यात विखुरणारी आहे, आणि अशा मातीत बारीक पाझरही धोक्याचा. हे निरीक्षण अभियंत्याला पहिल्याच भेटीत सांगा.

पाइपाच्या आतही बघायला हवे. पातळ पत्र्याचा पन्हळी पाइप असेल तर त्याचे आयुष्य साधारण २५ ते ५० वर्षे, म्हणजे तुमचा उतरणीला लागला आहे. सांडपाण्याच्या नळांत सोडतात तसा कॅमेरा आत सोडून सांधे आणि गंज पाहता येतो. पाइपाच्या वरच्या रेषेत भरावावर कुठे खळगा पडला असेल, अगदी हातभर रुंदीचा, तर तो मातीने बुजवून विसरू नका. माती खालून पाइपात जात असण्याची ती खूण आहे.

काही खुणा मात्र अशा आहेत की तिथे मोजत बसायचे नाही. झिरपणारे पाणी गढूळ होणे. पायथ्याशी वाळू उसळवत पाणी वर येणे. तलावाच्या पृष्ठभागावर भोवरा दिसणे. माथ्यावर आडवी, म्हणजे तलावाकडून पायथ्याकडे जाणारी भेग, किंवा लांबीच्या दिशेने कमानीसारखी भेग आणि खाली उताराला आलेला फुगवटा. यातले काहीही दिसले, तर आधी खालच्या घरांना आणि आपत्कालीन यंत्रणेला फोन, मग पाणी उतरवणे, मग बाकीचे. उसळत्या पाण्यावर दगड टाकून ते दाबायचे नाही. वाळूच्या पोत्यांचे कडे करून त्यात पाणी थोडे चढू द्यायचे, माती येणे थांबेल इतकेच. तेही फक्त जाणत्या माणसांनी, आणि भराव हलत नसेल तरच.

झाडांबद्दल दोन टोकांची मते ऐकायला मिळतात: मुळे माती धरून ठेवतात, आणि सगळी उद्याच तोडा. दोन्ही मानू नका. जिवंत मुळे वरवरची माती धरतात हे खरे, पण मोठे झाड वादळात उन्मळले तर मुळांसकट भरावाचा मोठा लचका घेऊन जाते, आणि मेलेले मूळ कुजले की त्याच्या जागी पाण्याला तयार बोगदा मिळतो. मोठी झाडे नुसती कापून बुंधे तसेच ठेवले, तर तो बोगदा तुम्हीच पुढच्या काही वर्षांसाठी पेरून ठेवता. बारीक झाडझाडोरा, मनगटाएवढ्या खोडापर्यंतचा, जमिनीलगत कापा आणि पुन्हा वाढू देऊ नका. मोठी झाडे मात्र तलाव उतरवल्यावर, बुंध्यासकट आणि मुख्य मुळांसकट काढायची, आणि खड्डा थराथराने दाबून भरायचा. पायथ्यालगतची झाडे सर्वांत शेवटी, कारण तिथला खड्डा सर्वांत धोक्याचा. मग सगळ्या उतारावर गवत, नियमित कापलेले. कापलेल्या गवतात ओल, भेग, बीळ दिसते. झुडपांखाली काहीच दिसत नाही, आणि माझ्या मते झुडपांचा खरा तोटा हाच आहे. बिळे करणाऱ्या प्राण्यांनाही तीच दाट जागा आवडते.

करमणुकीमुळे येणारे एक-दोन वेगळे प्रश्न आहेत. मोटारच्या होड्यांच्या लाटा आतल्या उताराला पाण्याच्या पातळीशी खातात आणि तिथे पायरी पडते. दगडी पिचिंग, म्हणजे उतारावर बसवलेले दगडांचे अस्तर, असेल तर सुटलेले दगड परत बसवा, नसेल तर करून घ्या. माथ्यावर बाके, दिव्यांचे खांब, जमिनीखालून केबल असे काही नको. भरावात खणलेला प्रत्येक चर पाण्याला वाट देतो.

सामायिक मालकी ही तुमची सर्वांत मोठी अडचण ठरू शकते, कारण सगळ्यांचे ते कुणाचेच नसते. एका माणसाचे नाव ठरवा आणि त्याच्या गैरहजेरीत दुसऱ्याचे. महिन्यातून एकदा, आणि प्रत्येक मोठ्या पावसानंतर किंवा भूकंपाच्या धक्क्यानंतर, त्याने माथा, दोन्ही उतार, पायथा, सांडवा चालत बघायचा, ठरावीक जागांवरून फोटो काढायचे आणि वहीत लिहायचे. कायदा काय मागतो हे देशागणिक बदलते. अनेक ठिकाणी ठरावीक उंचीखालची धरणे नियमित तपासणीतून वगळलेली असतात, म्हणजे तुमच्याकडे कुणी तपासनीस येणारच नाही. पण स्थानिक यंत्रणेकडे चौकशी करून धरणाची नोंद आणि धोक्याचा वर्ग विचारा. हा वर्ग धरण किती मजबूत आहे यावर ठरत नाही, फुटले तर खाली काय जाईल यावर ठरतो. खाली राहती घरे असतील तर उत्तम स्थितीतले धरणही वरच्या वर्गात येते. धरण बांधले तेव्हा ती चार घरे कदाचित नसतीलही. तरीही आता सांडव्याची क्षमता त्यांच्या हिशोबाने तपासायला हवी.

त्या चार घरांना सांगा. त्यांचे फोन नंबर घ्या, तुमचे द्या, आणि रात्री फोन आला तर कोणत्या उंचवट्यावर जायचे हे त्यांच्याबरोबर चालत जाऊन ठरवा. माणसे चिडतील या भीतीने अनेक मालक हे टाळतात. मी आजवर पाहिले ते असे, की वेळेत सांगितलेले लोक सहकार्य करतात आणि पुष्कळदा ओढ्याच्या बाजूने चांगली नजरही ठेवतात.

खर्चाचे म्हणाल तर तो पाइपावर ठरेल. पाइप आतून अस्तर घालून वाचत असेल तर काम आटोपशीर. भराव उघडून नवा पाइप घालावा लागला तर मोठे. तेवढी ऐपत किंवा एकमत नसेल, तर सांडव्याचा उंबरा कायमचा खाली नेऊन तलाव उथळ ठेवणे, किंवा अभियंत्याकडून आराखडा घेऊन भराव नियंत्रितपणे कापून ओढा मोकळा करणे, हेही रास्त पर्याय आहेत. त्यात कमीपणा काही नाही. ओल तशीच ठेवून तलाव काठोकाठ भरलेला ठेवणे, हा पर्याय मात्र मी तुमच्यापुढे ठेवणार नाही.

पाइपाची तपासणी होईपर्यंत तलाव सांडव्याच्या मूळ उंबऱ्यापेक्षा १ मीटर खाली ठेवा. सायफन त्यासाठीच. मोठ्या होड्या या हंगामात बाहेर राहतील, वल्ह्यांच्या लहान होड्या खोल भागात चालतील. अभियंता येईल तेव्हा त्याच्या हातात माथ्याच्या मोजलेल्या उंच्या, पाझराची वही, बरण्या, आणि व्हॉल्व्ह कोणत्या टोकाला आहे याचे उत्तर द्या. पातळी उतरवताना पाझर किती उंचीवर थांबतो तेही नक्की लिहून ठेवा. पाणी कुठून शिरते आहे, याचा बराचसा उलगडा त्या एका आकड्यातून होतो.